मामांची कावीळ दुखत नाही पण खाज भयंकर, पित्ताची नळी अडलीय म्हणतात, पुढं काय करायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूर-सांगली भागातल्या कुणी या दुखण्यातनं आपलं माणूस काढलं असेल तर जरा सविस्तर लिहा, घरात सगळे गोंधळलेत.

माझे मामा, वय ६१, शिरोळ तालुक्यात शेती, ऊस आणि थोडा भाजीपाला. दिवाळीनंतर अंगाला खाज सुटायला लागली, पुरळ नाही फोड नाही नुसती खाज, रात्री तर विचारूच नका, मामींची लाकडी फणी घेऊन पाठ खाजवत बसायचे, पाठीवर आणि पोटऱ्यांवर ओरखड्यांच्या रेघा आणि त्यावर खपल्या. त्वचेच्या डॉक्टरांकडनं मलम आणलं, साबण बदलला, काही फरक नाही. मग एका दुपारी अंगणात बसलेले असताना मामींना डोळे पिवळे दिसले. ताप नाही, पोट दुखत नाही, जेवण जरा कमी झालंय आणि वजन उतरलंय एवढंच. लघवी गडद होत होती ती उन्हातल्या कामामुळं असेल म्हणायचे आणि संडास पांढरट, शाडूसारखी होतेय हे तर कुणाला सांगितलंच नव्हतं, मामींनी खोदून विचारलं तेव्हा कळलं.

रक्तात टोटल बिलिरुबिन म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य ११.४, त्यातलं डायरेक्ट ९.६, अल्कलाइन फॉस्फेटेज ६४०, एसजीपीटी १३०. सोनोग्राफीत लिहिलंय की सीबीडी म्हणजे पित्ताची मोठी नळी १५ मिमी, लिव्हरच्या आतल्या नळ्या पण फुगल्यात, पित्ताशय टम्म, खडा दिसत नाही, नळीचं खालचं टोक गॅसमुळं दिसलं नाही.

एक डॉक्टर म्हणतात लगेच दुर्बिणीतनं स्टेंट म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी टाकून घ्या कावीळ उतरेल, दुसरे म्हणतात आधी सीटी. आणि गावातली निम्मी माणसं म्हणतात कशाला दवाखान्यात जाताय, कावीळ उतरवून आणा. मामांचा कल तिकडंच आहे. काय करू सांगा.

बांधावरचा_वारा

भावा घाबरू नको. आमच्या शेजारच्या पोराला मागच्या पावसाळ्यात कावीळ झाल्ती, हातावर रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळंधम्मक पाणी निघतंय, तीन गुरुवारात उतरली. पथ्य कडक पाळायचं. एकदा जाऊन यायला काय हरकत हाय, पैसे पण घेत नाहीत.

पोटाचा_सर्जन

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो, नाव-गाव इथं लिहीत नाही आणि पेशंट न बघता उपचारही सांगत नाही, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

बांधावरचा_वारा, तुमच्या शेजारच्या पोराची कावीळ बरी झाली हे खरं आहे आणि ती तशीही झाली असती. दूषित पाण्यातनं येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. आपल्याकडं लोकांच्या डोक्यात कावीळ म्हणजे पाण्याची कावीळ एवढंच बसलंय, आणि त्यात त्यांचा दोष नाही, २०१२ साली इचलकरंजीत साथ आली तेव्हा घरटी माणसं आजारी पडलेली आपण बघितलीत. चुन्याच्या पाण्याचं म्हणाल तर आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला की ते पाणी कुणाच्याही हातानं पिवळं होतं, कावीळ असो वा नसो.

पंचगंगाकाठ, आता मामांचं बघा. व्हायरल कावीळ असती तर सुरुवातीला ताप, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली आणि एसजीपीटी बहुतेक वेळा हजाराच्या घरात. मामांचं सगळं उलटं आहे, लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी थोडंसंच वाढलंय पण डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढलंय. याचा अर्थ लिव्हर पित्त तयार करतंय पण त्याला खाली जायला वाट नाही. पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून संडासला रंग नाही, रक्तात चढलेलं बिलिरुबिन लघवीतनं जातंय म्हणून ती गडद, आणि पित्ताबरोबर अंगात साठणाऱ्या द्रव्यांमुळं खाज. पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज आणि रात्री जास्त, असं असलं की मलम देण्याआधी एकदा बिलिरुबिन बघावं असं मी ज्युनिअर डॉक्टरांना कायम सांगतो, कारण कधीकधी खाज आधी येते आणि डोळे नंतर पिवळे होतात.

अडथळा कुठं असू शकतो? लिव्हरकडनं आलेली पित्तनळी स्वादुपिंडाच्या डोक्यातनं खाली येते आणि ड्युओडेनममध्ये उघडते. ड्युओडेनम म्हणजे जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग, साधारण २५ सेंमी लांब, स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालून जातो. स्वादुपिंडाची नळी पण तिथंच येऊन मिळते आणि त्या दोघींच्या सामाईक तोंडाला अँप्युला ऑफ व्हेटर म्हणतात. या सुपारीएवढ्या जागेत चार ठिकाणी गाठ होऊ शकते, खुद्द अँप्युलाची, पित्तनळीच्या खालच्या टोकाची, ड्युओडेनमच्या भिंतीची किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याची. बाहेरनं लक्षणं जवळपास सारखी म्हणून सगळ्यांना मिळून पेरिअँप्युलरी म्हणतात, पण त्यांचं पुढचं भवितव्य सारखं नसतं.

पित्ताशय टम्म आहे हा महत्त्वाचा धागा आहे. कुर्व्हाझिए नावाच्या स्विस सर्जननं १८९० मध्ये हे नोंदवलं, कावीळ आहे, दुखत नाही आणि पित्ताशय फुगलेलं हाताला लागतंय तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. खड्यांचं पित्ताशय वरचेवर सुजून आकसलेलं असतं, ते सहसा फुगत नाही.

तरीपण प्रत्येक अडथळा म्हणजे कॅन्सर नाही. नळीच्या टोकाशी अडकलेला खडा सोनोग्राफीत सुटू शकतो, पित्ताशय काढताना नळीला इजा होऊन ती आवळते, टीबीच्या गाठींचा दाब पडतो, आयजीजी-४ नावाचा एक आजार आहे तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो आणि स्टिरॉइडनं उतरतो. म्हणून फोटो नीट हवेत. आधी सीटी, कॉन्ट्रास्टवाला, स्वादुपिंडाच्या प्रोटोकॉलनं, आणि तो स्टेंट टाकायच्या आधी. याच आठवड्यात.

उमा_राजारामपुरी

पंचगंगाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं वाचताना अंगावर काटा आला, माझ्या बाबांचं अगदी असंच होतं. त्यांना अँप्युलाचा कॅन्सर निघाला, व्हिपलचं म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम काढायचं मोठं ऑपरेशन झालं, आज ते रोज सकाळी रंकाळ्याला चक्कर मारतात, त्यामुळं आधी हे घरात वाचून दाखवा की यातनं माणूस उठतो.

आमच्याकडं एक गोष्ट वेगळी होती ती सांगते कारण तिनं फार लोक फसतात. बाबांची कावीळ मधेच कमी झाली होती. बिलिरुबिन ९ वरनं ४ वर आलं, सगळ्यांना वाटलं उतरली, आयुर्वेदिक काढा चालू होता त्याला श्रेय मिळालं, आणि मग परत चढली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की अँप्युलाच्या गाठीचा वरचा भाग कधीकधी झडतो, तेवढी वाट मोकळी होते, पित्त वाहतं, आणि गाठ वाढली की पुन्हा बंद. आणि ती झडताना रक्तस्राव होतो म्हणून हिमोग्लोबिन पण घसरतं, बाबांचं ८ वर आलेलं. कावीळ कमी-जास्त होतेय आणि त्याबरोबर रक्त कमी होतंय असं कुणाचं असेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे नेहमीची एन्डोस्कोपी. एका दवाखान्यात ती केली आणि रिपोर्ट आला नॉर्मल. तो कागद हातात घेऊन आम्ही किती खूश झालो होतो. पण नेहमीच्या दुर्बिणीचा कॅमेरा समोर बघतो आणि अँप्युला असते ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात आतल्या बाजूच्या भिंतीवर, ती समोरनं नीट दिसेलच असं नाही. त्यासाठी बाजूला बघणाऱ्या कॅमेऱ्याची वेगळी दुर्बीण असते, साइड व्ह्यूइंग म्हणतात, ईआरसीपी म्हणजे दुर्बिणीतनं पित्तनळीत तार आणि डाय घालायचं काम करणाऱ्यांकडं असते. त्यातनं बाबांची गाठ स्पष्ट दिसली आणि तुकडा पण घेता आला. तेव्हा एन्डोस्कोपी नॉर्मल आली म्हणून कुणी घरी पाठवत असेल तर एवढंच विचारा, अँप्युला दिसली का?

मामांना गुरुवारी कुठं न्यायचंच असेल तर सीटी सेंटरला न्या दादा.

करवीर_७३

उमाताई, खर्चाचं पण लिहा ना, आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न तोच पडतो.

उमा_राजारामपुरी

करवीर काका, व्हिपल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं, सीपीआरला म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात पण आरोग्यमित्र बसतात, ते कुठल्या हॉस्पिटलला हे पॅकेज आहे ते सांगतात. महत्त्वाचं म्हणजे मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, आधी पैसे भरून मग योजनेत घ्या म्हटलं तर अडचण होते. शिवाय ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधनं आधीच काढून ठेवा, ऐनवेळी पळापळ होते.

मुंबईला टाटाला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी दादर. परळ तिथनं जवळच. राहायला दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सर पेशंट आणि नातेवाइकांसाठी, पण जागेसाठी हॉस्पिटलचे कागद लागतात आणि गर्दी खूप असते, भरवशावर जाऊ नका.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा मेसेज मामांना मोठ्यानं वाचून दाखवला. आंब्याच्या सालीचं ऐकून त्यांनी स्वतः अंगणातल्या झाडाची साल काढून करून बघितलं, मामींचे हात पण पिवळे निघाले. त्यानंतर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सीटीला आले.

सीटीत अँप्युलाजवळ १.८ सेंमीची गाठ, पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही फुगलेल्या, रक्तवाहिन्यांना चिकटलेली नाही, लिव्हरमध्ये काही नाही. साइड व्ह्यूइंगमधनं तुकडा घेतलाय. सीए १९-९ म्हणजे कॅन्सरची रक्तातली खूण आलीय २१०, ते बघून मामेभावाच्या हातापायातलं बळ गेलंय. आणि स्टेंटचं अजून तेच, एक म्हणतात टाका एक म्हणतात नको.

पोटाचा_सर्जन

मामांना माझा नमस्कार सांगा.

सीए १९-९ वर आत्ता फार विचार करू नका. पित्त तुंबलेलं असलं, नळीत इन्फेक्शन असलं की कॅन्सर नसतानाही ते वाढतं, कावीळ उतरल्यावर पुन्हा बघायचं असतं. आणि काही माणसांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांच्यात ते तयारच होत नाही, त्यांचं नॉर्मल येऊनही उपयोग नसतो. दोन्ही नळ्या एकदम फुगणं याला आम्ही डबल डक्ट म्हणतो, दोन्हींच्या सामाईक तोंडाशी किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यात अडथळा आहे असा तो इशारा.

स्टेंटबद्दल जरा लांबण लावतो, कारण इथं घाईनं नुकसान होतं. माणूस पिवळा दिसला की घरच्यांना आणि डॉक्टरलाही वाटतं आधी हे पिवळेपण घालवू. पण नेदरलँड्समध्ये यावर एक नीट अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरमुळं कावीळ झालेल्या २०२ पेशंटांचा, बिलिरुबिन साधारण १४-१५ पर्यंत असलेले. निम्म्यांना आधी स्टेंट आणि काही आठवड्यांनी ऑपरेशन, निम्म्यांचं थेट ऑपरेशन. गंभीर गुंतागुंत थेट ऑपरेशनवाल्यांत ३९ टक्के आणि स्टेंटवाल्यांत ७४ टक्के. स्टेंट म्हणजे आतड्यातल्या जंतूंना पित्तनळीत चढायला रस्ता, शिवाय ईआरसीपीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आणि तशी सूज आली तर ऑपरेशन लांबतं.

मग कुणाला टाकायचा? थंडी वाजून ताप येतोय म्हणजे नळीत इन्फेक्शन आहे, तिथं स्टेंट जीव वाचवतो आणि वाट बघायची नाही. बिलिरुबिन फारच चढलंय, किडनीवर ताण येतोय, ऑपरेशनआधी किमो द्यायचीय, किंवा ऑपरेशनची तारीखच लांबची आहे, तिथं टाकावाच लागतो. तारीख लांबची असणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि ते मला टोचतं. मामांचं बिलिरुबिन ११, ताप नाही, गाठ काढण्याजोगी दिसतेय, तारीख लवकर मिळत असेल तर स्टेंटशिवाय जाता येईल का हे तुमच्या सर्जनला स्पष्ट विचारा. शेवटचा शब्द त्यांचा, कारण पेशंट त्यांच्यासमोर आहे.

आणि एक, पीटी-आयएनआर केलंय का? पित्त आतड्यात नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. वाढलं असेल तर व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देतात.

बेळगावचा_विनू

सर, मधेच विचारतो. माझ्या मावशीची पण अशीच न दुखणारी कावीळ, पण सोनोग्राफीत पित्ताशय रिकामं आकसलेलं आणि मोठी नळी बारीकच, फक्त लिव्हरच्या आतल्या नळ्या फुगल्यात. इथले म्हणाले क्लॅटस्किन. हे तेच का?

पोटाचा_सर्जन

नाही, हा अडथळा वर आहे, लिव्हरमधनं डावी आणि उजवी नळी बाहेर येऊन जिथं जुळतात तिथं. पित्ताशयाचा फाटा त्याच्या खाली लागतो म्हणून पित्तच पोचत नाही आणि ते रिकामं राहतं. क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये या गाठींचं वर्णन केलं. यात ऑपरेशन पूर्ण वेगळं, बहुतेकदा लिव्हरचा एक भाग काढावा लागतो आणि उरणारा भाग पुरेसा आहे का हे मोजावं लागतं. इथं एमआरसीपी म्हणजे एमआरआयनं काढलेला पित्तनळ्यांचा फोटो आधी करायचीच, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि नळ्यांचा पूर्ण नकाशा मिळतो. नकाशा नसताना खालनं तार घालून एका बाजूला स्टेंट टाकला आणि दुसऱ्या बाजूत डाय जाऊन अडकला तर तिथं इन्फेक्शन होतं. लिव्हरच्या सर्जनला लवकर दाखवा.

सीमा_कसबा_बावडा

या धाग्यावर विचारावं की नाही कळत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची, वरचेवर पोट दुखतं, जंताचं औषध झालं, ॲसिडिटीचं झालं. यावेळी सोनोग्राफीत पित्तनळी १८ मिमी आणि कोलेडोकल सिस्ट असं लिहिलंय. कावीळ नाही. हा ट्युमर आहे का? मला रडू आवरत नाहीये.

पोटाचा_सर्जन

ताई, हा कॅन्सर नाही. जन्मतःच पित्तनळीचा भाग फुगलेला असणं याला कोलेडोकल सिस्ट म्हणतात. मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसतं आणि आशियात जास्त. बऱ्याच जणांत स्वादुपिंडाची नळी पित्तनळीला नेहमीपेक्षा वरच मिळते, तिचा रस वर चढतो, म्हणून पोटदुखी आणि स्वादुपिंडाची सूज. पुढच्या वेळी दुखेल तेव्हा रक्तातलं अमायलेज बघायला सांगा, ते स्वादुपिंडाची सूज दाखवतं.

उपाय आहे आणि चांगला आहे. फुगलेली नळी आणि पित्ताशय पूर्ण काढून लिव्हरकडची नळी आतड्याच्या तुकड्याला जोडतात. तशीच ठेवली तर मोठेपणी त्यात कॅन्सर व्हायचा धोका असतो म्हणून काढायची. पूर्वी, खूप वर्षांपूर्वी, सिस्ट न काढता नुसती आतड्याला जोडून द्यायचे, तसं लहानपणी कुणाचं झालं असेल तर त्यांनी आज पन्नाशीतही एकदा दाखवून घ्यावं. लहान मुलांच्या सर्जनकडं जा, एमआरसीपी करतील.

आशा_सेविका_गडहिंग्लज

सर, मी आशा आहे, आमच्यासाठी पण दोन ओळी लिहा, बाळांच्या काविळीचं काय सांगायचं. घराघरात पांढरी शी म्हणजे दूध पचत नाही असंच म्हणतात.

पोटाचा_सर्जन

आशाताई, चांगलं विचारलंत. बाळ दोन आठवड्यांचं झालं आणि अजून पिवळं आहे, किंवा कुठल्याही वयात शी पांढरट आहे, तर डायरेक्ट बिलिरुबिन बघायचंच. बिलिअरी अट्रेशिया असेल, म्हणजे पित्तनळ्या बंद झालेल्या असतील, तर कसाई ऑपरेशन, जपानी सर्जन मोरिओ कसाई यांचं नाव आहे त्याला, दोन महिन्यांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त. नंतर लिव्हर खराब होत जातं. बाळाला उन्हात ठेवा एवढंच सांगून परत पाठवू नका, लंगोटातली शी स्वतः बघा, डायरेक्ट बिलिरुबिनसाठी पाठवा.

पंचगंगाकाठ

अपडेट. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये नुसतं अॅडेनोमा आलं, कॅन्सर नाही लिहिलंय. मामी देवीला ओटी भरून आल्या. पण सर्जन म्हणतात ऑपरेशन करायचंच, मोठं. घरात भांडण लागलंय, कॅन्सर नाही तर एवढं कशाला म्हणून.

पोटाचा_सर्जन

मामींच्या आनंदावर पाणी घालायचं जिवावर येतं पण सांगतो. अँप्युलाच्या गाठीत वरचा थर अॅडेनोमा आणि आत कॅन्सर असं बऱ्याचदा निघतं, चिमट्याला वरचाच तुकडा मिळतो. लहान, वरवरचा अॅडेनोमा दुर्बिणीतनं काढता येतो, पण कावीळ झालेली, दोन्ही नळ्या फुगलेल्या, १.८ सेंमीची गाठ म्हणजे आत मुळं गेल्याचा दाट संशय. चित्र एवढं स्पष्ट असताना तुकड्यात कॅन्सर न मिळताही व्हिपल करतात.

उमा_राजारामपुरी

दादा, सर्जनना आणखी एक विचारायचं, आणि बिनधास्त विचारा, कुणी रागवत नाही. तुम्ही आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये वर्षाला किती व्हिपल होतात? आमच्या बाबांच्या वेळी आम्ही याच उत्तरावर ठरवलं. जिथं ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथं मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असतं, जिथं क्वचित होतात तिथं ते बरंच जास्त. ऑपरेशन करणारे हात तर हवेतच, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री काही झालं तर तिथं आयसीयू आहे का, रक्तवाहिनीतनं रक्तस्राव थांबवणारे रेडिऑलॉजिस्ट आहेत का, हे पण त्यात येतं.

ऑपरेशन काय असतं ते मामांना आधी सांगून ठेवा. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय आणि नळीचा खालचा भाग एकत्र काढतात, मग स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असे तीन जोड आतड्याला करतात. बाबांना सहा तास लागले. जर्मनीत काउश यांनी १९०९ मध्ये असं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं आणि अमेरिकेत व्हिपल यांनी १९३५ ला आपले पेशंट मांडले, दोघांचेही पेशंट अँप्युलाच्याच कॅन्सरचे होते, हे मी त्या दिवसांत आयसीयूबाहेर बसून वाचत होते, धीर यायचा.

नंतरचे दिवस कठीण असतात. स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक, तो पाझरतोय का हे पोटातल्या ड्रेनवरनं म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या नळीवरनं बघतात, तिसऱ्या दिवशी त्या पाण्याचं अमायलेज तपासतात. ड्रेनचं पाणी गढूळ किंवा लालसर झालं की सिस्टरना लगेच दाखवायचं. आणि जठर लवकर चालू होत नाही, नाकातली नळी लांबते, त्याला घाबरायचं नाही. बाबांना नळी काढल्यावर पहिली मागणी तांबड्या रश्श्याची, मिळाली मुगाच्या कढणाची वाटी.

पंचगंगाकाठ

मामांचं ऑपरेशन झालं. स्टेंट न टाकता. आयएनआर १.९ होतं ते इंजेक्शनांनी खाली आणलं. ड्रेन थोडा जास्त दिवस राहिला पण आपोआप आटला. घरी आलेत. खाज ऑपरेशननंतर लगेच थांबली, फणी परत मामींच्या पेटीत.

बायोप्सी आली, अॅडेनोमाच्या आत कॅन्सर निघाला सर म्हणाले तसाच. इंटेस्टिनल टाइप, कडा मोकळ्या, १६ लिम्फ नोडच्या गाठींपैकी १ पॉझिटिव्ह. याचा अर्थ काय आणि किमो लागेल का?

पोटाचा_सर्जन

खूप बरं वाटलं वाचून. कडा मोकळ्या म्हणजे दिसणारी गाठ पूर्ण निघाली. निदान बारा तरी लिम्फ नोडच्या गाठी तपासलेल्या असाव्यात असं आम्ही धरतो, तुमच्या १६ आहेत, म्हणजे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनी काम नीट केलंय. इंटेस्टिनल म्हणजे आतड्याच्या अस्तरासारखा टाइप, तो पॅन्क्रिएटोबिलिअरी म्हणजे स्वादुपिंड-पित्तनळीसारख्या टाइपपेक्षा बरा वागतो. अँप्युलाची गाठ तोंडाशीच असल्यानं लहान असतानाच कावीळ होते आणि लवकर सापडते, म्हणून ऑपरेशन झालेल्यांत पाच वर्षं पार करणारे स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा पुष्कळ जास्त. एक लिम्फ नोड पॉझिटिव्ह असल्यानं किमोबद्दल ऑन्कोलॉजिस्टशी बोलावं लागेल, बहुतेक जण अशा वेळी देतात, साधारण सहा महिने, आणि ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांच्या आत सुरू केलेली बरी. तोवर वजन आणि ताकद भरून काढा.

पंचगंगाकाठ

जेवतात पण संडास तेलकट, चिकट, पाण्यानं जात नाही आणि वजन वाढत नाही. पॅन्क्रिएटिनच्या म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसाच्या कॅप्सूल दिल्यात, त्या जेवणानंतर घेतात.

उमा_राजारामपुरी

जेवणानंतर नाही दादा, पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण निम्मं झालं की दुसरी, अन्नात मिसळली तर उपयोग. नुसत्या कोऱ्या चहाला नको पण बिस्किटाला, दुधाच्या वाटीला, पोह्यांना लागते. डोस कमी पडत असेल तर डॉक्टर वाढवतात, विचारून वाढवा. दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं खायचं. साखर महिन्यातनं एकदा तपासा, स्वादुपिंड कमी झालंय. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्ये शोषलं जातं, तो भाग आता नाही, म्हणून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी पण बघत राहा.

रुईकर_जैन

आमच्या काकांना पण या कॅप्सूल दिल्यात, आम्ही पूर्ण शाकाहारी. दुकानदार म्हणाला यात प्राण्यांचं काहीतरी असतं. खरं का?

पोटाचा_सर्जन

खरं आहे, ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, मी पेशंटला लिहून देतानाच सांगतो कारण हे त्यांना माहीत असलं पाहिजे. बुरशीपासून केलेली एन्झाईम मिळतात पण तेवढी प्रभावी नाहीत. निर्णय काकांचा. घ्यायची नसतील तर डॉक्टरांना तसं सांगा, गुपचूप बंद करू नका, म्हणजे आहारतज्ज्ञ स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वांचं दुसरं काही जमवतील.

पंचगंगाकाठ

शेवटचा प्रश्न सर. मामेभाऊ ३४ वर्षांचा आहे, तो दरवर्षी सोनोग्राफी करून घेतो म्हणतोय. करायची का? आणि मामांच्या भावांची?

पोटाचा_सर्जन

एकट्या मामांना वयाच्या साठीनंतर झालंय म्हणून सगळ्या घराला दरवर्षी सोनोग्राफी लागत नाही, शिवाय एवढी लहान गाठ सोनोग्राफीत सापडतही नाही. पण घरात कुणाला पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय का, कुणाचं पुष्कळ पॉलिप्समुळं मोठं आतडं काढलंय का, हे मामींना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून एकदा लिहून काढा. एफएपी नावाचा आनुवंशिक आजार आहे, त्यात मोठं आतडं काढल्यावरही ड्युओडेनम आणि अँप्युलात अॅडेनोमा होत राहतात आणि तिथला कॅन्सर हे मोठं आतडं काढलेल्या या पेशंटांच्या मृत्यूचं एक मुख्य कारण आहे. अशा घरात साधारण पंचविशीपासून साइड व्ह्यूइंग दुर्बिणीनं ठरावीक काळानं बघतात. असं काही निघालं तर ती यादी घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडं जा, जनुकीय तपासणीचं ते ठरवतील. नसेल तर मामेभावाला सांगा, पुरळ नसताना खाज, गडद लघवी, पांढरी संडास यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात रक्त तपासून घे.